घरचा शिक्का

‘देश?’ हा पहिला प्रश्न, आणि कंसात उत्तर आधीच भरलेलं: एयू, म्हणजे ऑस्ट्रेलिया. पुढे राज्य, तिथं ‘सम-स्टेट’. मग संस्थेचं नाव, तिथं ‘इंटरनेट विजिट्स पीटीवाय लिमिटेड’. ओपनएसएसएलवर ज्यानं कधी हात चालवलाय, त्याला ही प्रश्नावली तोंडपाठ असते. ही विजिट्स कंपनी पृथ्वीतलावर कुठंही नाही. एरिक यंग आणि टिम हडसन या दोन ऑस्ट्रेलियन गृहस्थांनी १९९५ च्या सुमारास एसएसएलची, म्हणजे इंटरनेटवरचं बोलणं कूटबद्ध करण्याची, एक फुकट लायब्ररी लिहिली. १९९८ च्या डिसेंबरात तिच्यातून ओपनएसएसएल उभं राहिलं आणि हे नमुन्याचं नाव-गाव वारसाहक्कानं त्याच्याकडे आलं. आजही तिथंच आहे. कंटाळून नुसतं एंटर दाबत गेलेल्यांच्या कृपेनं ही नसलेली कंपनी जगातल्या बड्या सर्टिफिकेटधारकांपैकी एक असावी.

मी मात्र प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर दिलं होतं. देश आयएन, राज्य महाराष्ट्र, शहर पुणे, आणि संस्था म्हणून आमचं आडनाव, त्यापुढे ‘गृह प्रमाणन प्राधिकरण’. तेही रोमन लिपीत, कारण देवनागरी अक्षरं तेव्हाच्या टर्मिनलवर प्रश्नचिन्हं होऊन यायची. साल २००७. तपकीर गल्लीतून जुन्या सुट्या भागांची जुळवाजुळव करून उभा केलेला पेंटियम-थ्री, त्यावर नुकतंच आलेलं डेबियन एच, बीएसएनएलचं डेटावन कनेक्शन आणि दिवाणखान्यातून स्वयंपाकघरापर्यंत दाराच्या चौकटीवरून नेलेली निळी केबल, एवढं आमचं डेटा सेंटर. यंत्रांना किल्ल्यांची नावं द्यायची पद्धत तेव्हा आमच्या सगळ्या मित्रमंडळात होती. सर्व्हर तोरणा, बॅकअपची डिस्क राजगड. तोरण्यावर घरची ईमेल, फोटो आणि बाबांच्या टाइप केलेल्या नोट्स.

आता या गृह प्राधिकरणाची गरज काय? ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातलं बोलणं कूटबद्ध करणं हा निम्माच भाग. पलीकडे बसलेला तोरणाच आहे, की मधेच कुणी तोतया येऊन बसलाय, हे ठरवणं हा उरलेला आणि जास्त अवघड भाग. त्यासाठी एक तिसरा पक्ष लागतो, जो सर्व्हरच्या जाहीर किल्लीवर सही करतो आणि सांगतो, हा तोच. हा तिसरा पक्ष म्हणजे सर्टिफिकेट ऑथॉरिटी. तिची सही का मानायची? तर ब्राउझरच्या पोटात अशा ऑथॉरिट्यांची एक यादी येते, तिच्यात तिचं नाव आहे म्हणून. त्या यादीतल्या प्रत्येक नोंदीला रूट म्हणतात. घरच्या तोरण्यासाठी सही करायला यादीतलं कुणी येणार नव्हतं; आलं असतं तर दर वर्षी पैसे मागितले असते. तेव्हा आपलंच रूट बनवायचं, ते आपल्याच यंत्रांच्या यादीत घालायचं, आणि आपल्या सर्व्हरांवर आपणच सही करायची.

हे बाबांना समजावताना मला एक मिनिटही लागलं नाही. ते सरकारी कॉलेजात प्राध्यापक होते, राजपत्रित. जून महिन्यात सकाळी सातपासून आमच्या दाराशी मुलं उभी असायची, हातात गुणपत्रिकेच्या झेरॉक्स. ‘सर, ट्रू कॉपी करून द्या.’ बाबा जांभळ्या शाईचं पॅड उघडायचे, मूळ प्रत मागायचे, दोन्ही शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघायचे आणि मगच शिक्का. शेजारच्या गल्लीत आणखी एक राजपत्रित राहायचे, ते मूळ प्रत न बघता धपाधप शिक्के मारायचे, त्यामुळे गर्दी त्यांच्याकडे जास्त. प्रवेश घेणाऱ्या कारकुनाला मात्र दोन्ही शिक्के सारखेच. सगळी सर्टिफिकेट व्यवस्था याच पायावर उभी आहे, आणि तिचं सगळं दुखणंही इथंच आहे: यादीतला सर्वांत निष्काळजी जो असेल, तेवढीच सगळ्या यादीची किंमत.

पुढे गंमत अशी झाली, की २०१४ च्या सुमारास केंद्र सरकारनं स्वसाक्षांकनावर भर दिला. ज्याची प्रत त्यानंच सही करायची. राजपत्रिताच्या दारात जायची गरज उरली नाही. बाबांचं पॅड वाळून गेलं. नेमक्या त्याच काळात ब्राउझरांचा प्रवास उलट्या दिशेनं चालला होता. आपली आपण केलेली सही त्यांच्या लेखी दर वर्षी अधिकाधिक संशयास्पद होत होती.

तेव्हा रूट बनवणं हा एक विधी होता. कमांड दिली की पडद्यावर टिंबं उमटायची, मधेच अधिकची चिन्हं, पुन्हा टिंबं. मूळ संख्यांचा शोध चाललाय, याची ती खूण. पेंटियम-थ्रीवर २०४८ बिटांची किल्ली बनताना ती टिंबं मोजता येण्याजोग्या सावकाशीनं यायची. यंत्राजवळ पुरेशी यादृच्छिकता साठायला हवी, असं आम्ही मानायचो. मग कीबोर्डवर काहीबाही बडवायचं, माउस गरागरा फिरवायचा. त्या फिरवण्याचा थोडा अंश कायमचा त्या किल्लीत उतरतोय, ही कल्पना मला आवडायची. नंतर पासफ्रेज. आम्ही दोघांनी मिळून एक वाक्य ठरवलं होतं, अर्धं नवऱ्याचं, अर्धं माझं.

मग दफ्तर. ओपनएसएसएलचं सीए म्हणजे एक फोल्डर, त्यात ‘सिरियल’ नावाची फाइल, जिच्यात पुढच्या सर्टिफिकेटचा क्रमांक, आणि ‘इंडेक्स’ नावाची साधी मजकुराची फाइल, जिच्यात एका ओळीला एक सर्टिफिकेट. ओळीच्या सुरुवातीला एक अक्षर: चालू असेल तर व्ही, रद्द केलं तर आर, मुदत संपली तर ई. कुठल्याही ग्रामपंचायतीतल्या आवक-जावक वहीइतकी सुबोध. मी अधूनमधून ती नुसती वाचायला उघडायचे. कुठल्या वर्षी कुठलं यंत्र घरात आलं, कुठलं गेलं, सगळं क्रमानं. रूटची खाजगी किल्ली फ्लॉपीवर. फाइल दोन केबीसुद्धा नव्हती, फ्लॉपीची क्षमता १.४४ एमबी. ती फ्लॉपी कपाटाच्या लॉकरात, मंगळसूत्राच्या डबीशेजारी. सही करायची वेळ आली की बाहेर काढायची, काम झालं की परत आत.

हे सगळं करायला एक आख्खा शनिवार जायचा. पण त्यानंतरचा भाग बघा. तोरण्याच्या वेबपानावर रूटची फाइल ठेवली, अपाचेला तिचा मजकूरप्रकार सांगितला, की फायरफॉक्समध्ये त्या दुव्यावर टिचकी मारताच एक खिडकी उघडायची. तीन चौकोन: या ऑथॉरिटीवर वेबसाइटींसाठी विश्वास ठेवायचा? ईमेलसाठी? सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांसाठी? पहिल्यावर खूण, ओके, झालं. आईच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, नणंदेच्या लॅपटॉपवर, माझ्या नोकियावरसुद्धा. घरातल्या बाईनं सांगितलं ‘हे आपलं आहे’, आणि यंत्रानं मान डोलावली. इंटरनेट एक्सप्लोरर सहाला तर तेवढंही लागायचं नाही; एक पिवळं त्रिकोणी चिन्ह यायचं, पुढे जायचं का? हो. सगळे हो म्हणायचे, बँकेच्या साइटवरही.

म्हणून त्या दिवसांना सोन्याचा मुलामा द्यायची माझी तयारी नाही. २००८ च्या मे महिन्यात डेबियननं जाहीर केलं, की सप्टेंबर २००६ मध्ये त्यांच्या ओपनएसएसएलमधून दोन ओळी काढून टाकल्या गेल्या होत्या. एक तपासणीचं साधन त्या ओळींबद्दल कुरकुर करत होतं, म्हणून कुणीतरी सद्हेतूनं त्या काढल्या. परिणाम असा, की किल्ली बनवताना जी यादृच्छिकता मिसळायची ती जवळजवळ सगळीच गळून गेली आणि उरला तो फक्त प्रोसेसचा क्रमांक. म्हणजे एका लांबीच्या आणि एका प्रकारच्या यंत्रावरच्या किल्ल्या जास्तीत जास्त ३२,७६८. एवढ्या तर कुणीही एका दुपारी बनवून ठेवू शकतो. माउसच्या त्या गरागरा फिरण्यातलं किल्लीत काहीही उतरलं नव्हतं. जगभरच्या डेबियन आणि उबंटूवाल्यांप्रमाणे आम्हीही लॉकरातली फ्लॉपी काढली, सगळी सर्टिफिकेटं बाद केली आणि पुन्हा पहिल्यापासून: देश, राज्य, शहर.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात बर्लिनमधल्या केऑस कम्युनिकेशन काँग्रेसमध्ये काही संशोधकांनी दाखवलं, की एमडी-फाइव्ह या गणिती पद्धतीवर आधारलेली सही फसवता येते. सुमारे दोनशे प्लेस्टेशन-थ्री एकत्र जोडून त्यांनी एक बनावट दुय्यम ऑथॉरिटी तयार केली, जिला सगळे ब्राउझर मान देत होते. खेळण्याच्या यंत्रांवर! आमच्या घरच्या सह्या तेव्हा शा-वनवर होत्या. त्याचाही नंबर २०१७ साली लागला, गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संस्थेनं मिळून लावला.

आणि मुदती! घरच्या सर्टिफिकेटला आम्ही बिनदिक्कत दहा वर्षं द्यायचो. एका मित्रानं त्याच्या रूटला चाळीस वर्षं दिली आणि बघतो तर मुदत संपल्याची तारीख विसाव्या शतकाच्या आरंभी. ३२ बिटांची घड्याळं १९ जानेवारी २०३८ ला भरून वाहतात आणि थेट डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडतात. त्याचं रूट जन्मतःच शंभर वर्षांपूर्वी मेलेलं होतं.

घराबाहेरचं जग यापेक्षा शहाणं होतं असं मात्र नाही. २०११ मध्ये नेदरलंड्समधल्या डिजिनोटार या ऑथॉरिटीत चोर शिरले आणि त्यांनी पाचशेहून अधिक बनावट सर्टिफिकेटं काढली. त्यात एक गूगलच्या सगळ्या उपनावांसाठीचं होतं, आणि ते इराणमधल्या लोकांच्या जीमेलवर नजर ठेवायला वापरलं गेलं. डच सरकारची स्वतःची कामंही याच कंपनीच्या सहीवर चालायची. बिंग फुटल्यावर महिन्याभरात कंपनी दिवाळखोर. आणि २०१४ च्या जुलैत आपल्याकडचं. एनआयसी या सरकारी संस्थेच्या ऑथॉरिटीतून गूगल आणि याहूच्या नावांची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं गूगलच्या लक्षात आलं. एनआयसीला अधिकार होता तो भारताच्या सर्टिफाइंग ऑथॉरिटी नियंत्रकाकडून, आणि ते रूट मायक्रोसॉफ्टच्या यादीत होतं, म्हणजे जगभरच्या विंडोजवर. नियंत्रकानं एनआयसीचे अधिकार काढले, आणि क्रोमनं यापुढे भारताच्या त्या रूटची सही मोजक्या सात नावांपुरतीच मानायची असं ठरवलं: जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन, रिझर्व्ह बँक वगैरे. फायरफॉक्सच्या यादीत ते रूट मुळात नव्हतंच, त्यामुळे त्याचे वापरकर्ते सुखरूप राहिले. मी ती बातमी बाबांना वाचून दाखवली. त्यांनी एवढंच विचारलं, ‘मूळ प्रत बघितली नव्हती का गं त्यांनी?’ शेजारच्या गल्लीतले ते राजपत्रित त्यांच्या डोळ्यांपुढे असणार.

या अशा बातम्या यायच्या तेव्हा आम्हा घरगुती प्राधिकरणवाल्यांना एक छुपं समाधान वाटायचं. आपल्या यादीत आपण आहोत, आणि आपल्याला आपण ओळखतो.

मग २०१५ च्या डिसेंबरात लेट्स एन्क्रिप्ट सगळ्यांसाठी खुलं झालं आणि आमच्या उद्योगाचं निम्मं प्रयोजनच गेलं. पैसे नकोत, फॅक्स नको, प्रश्नावली नको. सर्व्हरवरचा एक छोटा प्रोग्रॅम त्यांच्या यंत्राशी बोलतो, नाव आपल्याच ताब्यात आहे हे सिद्ध करतो आणि नव्वद दिवसांचं सर्टिफिकेट घेऊन येतो. मुदत संपायच्या आत स्वतःच पुन्हा जातो. माणसाला कळतही नाही. २०२० च्या फेब्रुवारीत त्यांचं शंभर कोटीवं सर्टिफिकेट निघालं. ज्या गोष्टीसाठी एकेकाळी मार्क शटलवर्थच्या थॉट या सर्टिफिकेट कंपनीचे ५७ कोटी ५० लाख डॉलर झाले, आणि त्यातून गडी अंतराळातही जाऊन आला, ती गोष्ट आता पाण्यापेक्षा स्वस्त. मला याचं जराही दुःख नाही. यादीत बसलेल्यांनी नुसत्या आकड्यांवर सह्या करून वर्षानुवर्षं जे कमावलं, ते कमावणं मला कधी पटलेलं नव्हतं.

मग अजून घरी प्राधिकरण का चालवते, असं पुतण्या विचारतो. त्याला मी तोरण्याची आजची यादी दाखवते. निळी केबल गेली, पेंटियम गेला. आता तळहाताएवढं यंत्र, त्यावर फायलींसाठी नेक्स्टक्लाउड, फोटोंसाठी इमिच, दिवे-पंख्यांसाठी होम असिस्टंट, पासवर्डांसाठी व्हॉल्टवॉर्डन. पूर्वी घरातल्या घरात साधं एचटीटीपी चालून जायचं, सर्टिफिकेट ही हौस होती. आता ब्राउझर साध्या पानाला मायक्रोफोन देत नाही, कॅमेरा देत नाही, ठिकाण सांगत नाही. २०१८ च्या जुलैपासून क्रोम अशा प्रत्येक पानावर ‘सुरक्षित नाही’ असा शिक्का मारतो. हौसेची आता सक्ती झाली आहे.

आणि लेट्स एन्क्रिप्ट घरात आणणं वाटतं तेवढं सरळ नाही. फायबरवाल्यांनी आता एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटून टाकलेला असतो. बाहेरून तोरण्यापर्यंत कुणाला पोचताच येत नाही, मग त्यांचं यंत्र येऊन तपासणार काय? त्यावर तोडगा आहे: विकत घेतलेल्या नावाच्या डीएनएसमध्ये एक नोंद घालून ताबा सिद्ध करायचा. पण यादीतल्या ऑथॉरिटीनं काढलेलं प्रत्येक सर्टिफिकेट आता जाहीर वहीत चढतं. डिजिनोटारसारखं पुन्हा होऊ नये म्हणून ही पारदर्शकतेची व्यवस्था आली, २०१८ पासून क्रोमनं ती सक्तीची केली, आणि ती उत्तमच आहे. फक्त त्या वहीत कुणीही डोकावू शकतं. घरात दाराचा कॅमेरा आहे, पासवर्डांची पेटी आहे, बाळाच्या खोलीत काहीतरी आहे, हे नावांवरूनच साऱ्या जगाला वाचता येतं. सगळ्या उपनावांचं मिळून एकच सर्टिफिकेट घेऊन हे झाकता येतं, खरं आहे. पण तोरणा, राजगड ही नावं माझ्या घरापुरतीच असावीत, त्यांची कुठेही नोंद नको, एवढा हट्ट मी धरते. २०२४ मध्ये इंटरनेटवरच्या नावांचा कारभार बघणाऱ्या आयकॅननं ‘डॉट इंटर्नल’ हे नाव खाजगी वापरासाठी कायमचं राखून ठेवलं. त्या नावावर यादीतलं कुणीच सही करू शकत नाही. तिथं घरचाच शिक्का लागतो.

बनवणं आता इतकं सोपं, की विधी उरलेला नाही. स्टेप-सीए नावाचं साधन मोजके प्रश्न विचारतं आणि रूट, दुय्यम ऑथॉरिटी, सगळं मांडून देतं; लेट्स एन्क्रिप्टची भाषाही बोलतं, त्यामुळे घरातली यंत्रं त्याच्याकडून आपापली सर्टिफिकेटं आपणच नेतात. कॅडी हा वेब सर्व्हर तर न विचारताच आतल्या आत एक ऑथॉरिटी उभी करतो. टिंबं नाहीत. लंबवर्तुळी वक्रांवरची किल्ली डोळ्याचं पातं लवायच्या आत तयार होते, आणि एवढी लहान असते, की क्यूआर कोड करून कागदावर छापता येते. फ्लॉपी वाचणारं यंत्र आता घरात नाही. कपाटाच्या लॉकरात तो कागद आहे.

अवघड झालंय ते पुढचं. जे पूर्वी एका टिचकीत व्हायचं.

आयफोनवर आधी प्रोफाइल उतरवायची, मग सेटिंगमध्ये जाऊन बसवायची, आणि एवढ्यानं झालं असं वाटतं तेव्हा ते झालेलं नसतं. जनरल, अबाउट, आणि अगदी तळाशी ‘सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज’, तिथं एक वेगळं बटण सरकवावं लागतं. अँड्रॉइडवर फोनला पिन किंवा पॅटर्न नसेल तर रूट बसवूच देत नाही. बसलं तरी २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून ॲप ते मानत नाहीत, ॲप बनवणाऱ्यानं मुद्दाम परवानगी दिली असेल तरच. म्हणजे क्रोममध्ये फोटो उघडतात, त्याच सर्व्हरच्या ॲपमध्ये उघडतीलच असं नाही. बहुतेक टीव्हींमध्ये रूट घालायची जागाच नसते. लॅपटॉपवर सिस्टिमची यादी वेगळी, फायरफॉक्सची वेगळी. क्रोमनं २०१७ मध्ये सर्टिफिकेटातला नावाचा जुना रकाना वाचणं सोडून दिलं आणि त्या सकाळी जगभरच्या कितीतरी घरगुती सर्व्हरांचे दरवाजे बंद झाले. नाव पर्यायी रकान्यातच हवं. ॲपलचं म्हणणं, जुलै २०१९ नंतरचं सर्टिफिकेट असेल तर ८२५ दिवसांपेक्षा जास्त मुदत चालणार नाही, मग ते घरचं का असेना. शनिवार आताही जातो. फक्त तो आता घरच्यांच्या फोनवर, एकामागून एक सेटिंगची पानं उघडण्यात.

बाबांच्या फोनवर मी रूट बसवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते चष्मा कपाळावर चढवून आले.

‘अगं, हा म्हणतोय नेटवर्कवर लक्ष ठेवलं जाऊ शकतं. कुणी अज्ञात तिसरा पक्ष.’

‘मी आहे ती, बाबा.’

‘तू लक्ष ठेवतेस?’

‘ठेवत नाही. पण ठेवू शकते.’

त्यांनी ते मनात घोळवलं. ‘मग तसं लिहायला काय जातं याचं? अज्ञात कशाला?’

बाबांच्या प्रश्नात सगळी आजची अडचण आली. फोनला मी आणि चोर यांतला फरक कळत नाही, आणि खरं सांगायचं तर कळण्याचा मार्गही नाही. २०१९ च्या जुलैत कझाकस्तान सरकारनं तिथल्या नागरिकांना सांगितलं, इंटरनेट वापरायचं असेल तर हे सरकारी रूट आपल्या यंत्रांत बसवा. बसवलं की सरकारला प्रत्येकाचं प्रत्येक बोलणं मधे बसून वाचता येत होतं. ऑगस्टमध्ये मोझिला, गूगल आणि ॲपल यांनी ते रूट आपापल्या ब्राउझरांत बंद पाडलं. त्याआधी २०१५ मध्ये लेनोवोच्या काही लॅपटॉपांवर सुपरफिश नावाचं जाहिरातीचं सॉफ्टवेअर आधीच भरून आलेलं निघालं. त्यानं आपलं रूट बसवून ठेवलं होतं, आणि सगळ्या लॅपटॉपांत खाजगी किल्ली एकच. हे वाचलं की अँड्रॉइडच्या त्या सूचनेवर माझा राग टिकत नाही. रूट ही फार मोठी सत्ता आहे. माझ्या कागदावरची ती किल्ली कुणाच्या हाती लागली, तर तो बाबांच्या फोनपुढे त्यांची बँक बनून उभा राहू शकतो, आणि फोनला ते खरंच वाटेल. २००७ साली मी आईच्या कॉम्प्युटरवर टिचकी मारून ओके केलं, तेव्हाही ही सत्ता एवढीच होती. फक्त तेव्हा कुणी तिची पावती देत नव्हतं.

म्हणून नवं रूट बनवताना मी त्यातच बंधन लिहिलं: या ऑथॉरिटीची सही फक्त आमच्या घरच्या नावांसाठी. बँकेच्या नावावर तिनं सही केली तरी ती मानायची नाही. सर्टिफिकेटाच्या व्याकरणात हे कलम नव्वदच्या दशकापासून आहे. क्रोमनं भारताच्या रूटवर घातलेलं बंधन याच धाटणीचं. २००७ साली मला हे कलम ठाऊकही नव्हतं, आणि आम्हा मंडळींत त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. आपल्याच घरात आपल्यालाच बंधन कशाला, असं वाटण्याचे ते दिवस.

बाहेरच्या जगातल्या मुदती मात्र झपाट्यानं आखडत चालल्या आहेत. ब्राउझरवाले आणि ऑथॉरिटीवाले यांच्या संयुक्त मंचानं एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं: मार्च २०२६ पासून कमाल २०० दिवस, २०२७ पासून १००, आणि २०२९ पासून ४७. आमच्या दहा वर्षांच्या सर्टिफिकेटांना हे आकडे हास्यास्पद वाटले असते. घरच्या रूटला हा नियम लागू नाही, पण स्टेप-सीएचा मूळ हिशोब चोवीस तासांचाच असतो: यंत्र रोज जातं, रोज नवं आणतं. मी ती मुदत वाढवून वर्षाची केली आहे आणि तोरण्याचं सर्टिफिकेट हातानंच बदलते. तांत्रिकदृष्ट्या हे मागासलेपण आहे, हे मान्य. पण जे रोज आपोआप घडतं, त्याच्याकडे माणूस कधी बघत नाही, आणि मला घरच्या दफ्तराकडे वर्षातून एकदा तरी बघायचं असतं.

हल्लीच ऑफिसात एका नव्या मुलाच्या लॅपटॉपवर स्थानिक साइट हिरवीगार एचटीटीपीएसवर चाललेली दिसली. कसं केलंस म्हटलं तर म्हणाला, एमकेसर्ट, दोन कमांड, सोपं आहे. सोपं आहेच, फिलिपो वल्सोर्दा यांनी ते साधन लिहिलंय इतकं नेटकं, की बघत राहावं. मी विचारलं, पहिल्या कमांडनं काय झालं माहितीय? नाही. तुझ्या लॅपटॉपवर एक ऑथॉरिटी बनली, ती तुझ्या सिस्टिमच्या आणि ब्राउझरच्या यादीत बसली, आणि तिची खाजगी किल्ली तुझ्या होम फोल्डरात पासफ्रेजशिवाय पडलेली आहे. त्यानं फोल्डर उघडून बघितलं. फाइल होती. ‘मॅडम, म्हणजे माझा लॅपटॉप कुणाच्या हातात पडला तर…’ ‘तर तुझा लॅपटॉप त्याला गूगल म्हणेल.’ तो जरा गप्प झाला आणि मग रास्त प्रश्न विचारला, काढायचं कसं? अनइन्स्टॉलची कमांड आहे, ती मी सांगितली. तिच्यानं रूट यादीतून निघतं, पण किल्लीची फाइल डिस्कवर तशीच राहते, ती आपल्या हातानं पुसावी लागते.